मस्कतची भट्टी

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास बोंबलाच्या कालवणाने मंजुळाला चावा घेतला. चावा हा शब्द तिचाच. नव्या शेगडीवर पातेलं होतं, तिच्या हातात स्टीलचा डाव होता, आणि बोंबील धुऊन झालेल्या ओल्या लादीवर ती नेहमीसारखी अनवाणी उभी होती. डाव पातेल्याला टेकला मात्र, खांद्यापर्यंत झणझणलं. डाव उडाला तो थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि मंजुळा मागच्या मागे पाण्याच्या पिंपाला जाऊन धडकली.

शेगडीच्या खाली, ओट्याच्या पोटात बसवलेल्या ओव्हनमध्ये त्या वेळी तिच्या धाकट्या जावेची, चित्राची, नानकटाईची पहिली खेप भाजत होती. चित्राने आधी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि मग जावेला उठवलं. मंजुळाला लागलं फारसं नव्हतं, पण चित्राने पुढे केलेला पाण्याचा पेला तिने बाजूला सारला.

"चित्रा, ही भट्टी नाय गं, ही विंचू हाय," ती म्हणाली आणि मग तिला रडू फुटलं.

चित्राही रडली असती, पण तिला ते परवडणारं नव्हतं. आज गुरुवार. मंगळवारी तिच्या नवऱ्याचं, आनंदचं, विमान. सहा वर्षं मस्कतच्या एका हॉटेलची गाडी चालवून, दर दोन वर्षांनी दोन महिने घरी येऊन, तो आता पुन्हा जायला निघाला होता. त्या दोघांमध्ये मात्र एक गोष्ट ठरलेली होती आणि ती घरात तिसऱ्याला माहीत नव्हती. ओव्हनवर चित्राचं काम उभं राहिलं, तर आनंद जाणार नव्हता. नाही उभं राहिलं तर जाणार होता. चित्राचा मामा ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत ड्रायव्हर. त्याच्या ओळखीने कँटीनवाल्याने शनिवारी सकाळी नमुना मागितला होता. एवढ्या बारीक दोरीवर सगळा संसार वाळत घातलेला.

आजवर ती रॉकेलच्या स्टोव्हवर पातेल्यात खाडीची रेती तापवून, त्यात ताटली ठेवून नानकटाई करायची. चवीला उत्तम, पण एका खेपेला आठ. आठ नानकटायांवर नवरा परदेशातून परत येत नाही.

ओव्हन आणि चार बर्नरची शेगडी आनंदने आणली होती. हॉटेलच्या स्टाफ क्वार्टरमधलं जुनं सामान निघालं तेव्हा त्याने ते घेतलं, लाकडी पेटीत ठोकून जहाजाने पाठवलं, आणि ती पेटी तीन महिने गोदीत पडून राहिली. घरी आल्यावर त्याच्या थोरल्या भावाने, दामाजीने, चार रविवार घालवून ओट्याचा कडाप्पा कापला, शेगडी त्यात बसवली, सिलिंडरची नळी जोडली आणि मेन स्विचपासून ओव्हनपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर ओढली. दामाजी डोंबिवलीच्या एका कारखान्यात वायरमन. कोपरच्या त्या पाड्यात त्याच्या हातचा दिवा नाही असं घर शोधून सापडलं नसतं, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

संध्याकाळी तो कामावरून आला, मंजुळाचा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ओव्हनकडे बघत राहिला. त्याला भीती वाटली होती, पण दामाजीची भीती बाहेर पडताना रागाचा सदरा घालून पडते.

दोघा भावांची आई, मनुबाई, बाहेरच्या पडवीत सुपातला सुका जवळा निवडत बसली होती. पासष्ट वर्षांची, गुडघ्यांनी गेलेली, पण आवाजाने अजून बाजारात बसणारी. तिने तिथूनच निकाल दिला.

"ती मस्कतची भट्टी उद्याच्याला घराभायेर. मना दुसरा काय ऐकाचा नाय."

"आये, ऐकून तर घे," आनंद म्हणाला. "हा ओव्हन तिकडं चार वर्षं चालत होता. तिकडं कुणाला शॉक नाय बसला."

"मग तिकरंच ठेवाचा होतास."

"मशीन चांगलं आहे. वायरिंगमध्ये काहीतरी झालं असेल."

हे बोलायला नको होतं. चित्राने डोळ्यांनी खूण केली, पण शब्द निघून गेला होता.

"वायरिंगमध्ये?" दामाजी उंबऱ्यात आला. "एकोणऐंशी साली ह्या घरात दिवा लावला तो मी. तेरा वर्षं झाली. आजवर ह्या घरात कुणाला मुंगी चावलेली नाय. तुझी पेटी तीन महिने गोदीत दमट वारा खात पडलेली, आतलं सगळं ओलं झालं असणार, आणि चूक माझ्या वायरीची?"

"मी तसं नाय म्हणालो, दादा."

"तसंच म्हणालास. गाडी चालवतोस ना? मग गाडीचं बोल."

आनंद नखं बघू लागला. दामाजीच्या पुढे तो आजही चौथीतलाच असे, आणि गल्फचा सेंट लावून त्यात काही फरक पडत नव्हता.

"मी रविवारी हात लावून बघितलेला," दामाजी आईला सांगू लागला. "सगळ्यांसमोर. ओव्हन चालू करून दहा मिनिटं हात ठेवला बॉडीवर. काय नाय झालं. म्हणजे बिघाड नंतर झालाय, आतून. ठाण्याला एक जुनं सामान घेणारा आहे, त्याला देऊन टाकू."

मंजुळा आतल्या दाराशी हात चोळत बसली होती. सगळ्यांनी धरून चाललं होतं की सर्वांत जास्त राग तिलाच असणार. राग होताही. महिनाभर या घरात मस्कतच्या शेगडीशिवाय दुसरा विषय नव्हता, तिचा पितळी स्टोव्ह मोरीत गेला होता, आणि धाकटीच्या हौसेपायी तिने चार रविवार चहाचे ट्रे नेले होते. पण खरं सांगायचं तर चार बर्नर तिला आवडले होते. एकावर भात, एकावर कालवण, तिसऱ्यावर चहा, आणि चौथ्याला काम नाही ही चैन. शिवाय नवऱ्याचं हे दहा मिनिटांचं पुराण तिला खटकलं. ती खरं बोलणारी बाई होती, सोयीचं असो वा नसो.

"तवा तुमच्या पायान चप्पल व्हती," ती म्हणाली.

"काय?"

"रविवारी. हात लावलात तवा. कारखान्यातली रबरी चप्पल. मी बोलले पन, सैपाकघरान चप्पल घालून आलेव. तुमी बोललाव, काम चालू हाय."

पायात रबर असेल तर करंट अंगातून जमिनीत उतरत नाही, हे वायरमनला कुणी सांगायला नको होतं. दामाजी तसाच वळून आत गेला.

बाहेर चित्राला वाटलं, सगळं संपलं. सासूने ठरवलं, थोरले रुसून आत गेले, आणि आनंद खाली मान घालून नखं बघत होता. ती गेली सहा वर्षं या घरात हळू बोलत आली होती. त्या संध्याकाळी तिचा आवाज हळू निघाला नाही.

"आई, ओव्हन गेला तर मंगळवारी हेपण जातील."

"जाणारच हाय. तिकीट आलंय ना?"

"काम सुरू झालं असतं तर जाणार नव्हते. आमचं तसं ठरलेलं. हे इथंच राहणार होते."

मनुबाईचा सुपावरचा हात थांबला. तिने धाकट्याकडे पाहिलं. "खरा काय रे?"

आनंदने मान हलवली.

या बाईने खाडीतली मासळी संपताना पाहिली, होडी विकताना पाहिली, नवरा गेलेला पाहिला. आनंद पहिल्यांदा मस्कतला गेला त्या दिवशी तिने विमानतळावर यायला नकार दिला होता, कारण तिथे रडली असती. तो घरी राहावा यापलीकडे तिला देवाकडे मागायचं काही उरलं नव्हतं. आणि आता कळत होतं की ते मागणं त्या मेल्या भट्टीच्या पोटात बसलेलं आहे. मग तिने सूप बाजूला ठेवलं.

"बाय," ती चित्राला म्हणाली, "एका पोराला घरान ठेवाला दुसऱ्याची बायको घालवू? मना सांग. नाय जमाचा. जाऊं दे त्याला. जिवंत परत येल तो."

मंजुळाने पदर डोळ्यांना लावला. सासू आपल्या बाजूने इतकी उभी राहील असं तिला सतरा वर्षांत वाटलं नव्हतं, आणि आता उभी राहिली तर नेमकं धाकटीचं नुकसान करून. या घरात सुखही कधी सरळ रस्त्याने आलं नाही.

आत दामाजीने आधी ओव्हनची वायर सोडवून बाजूला केली आणि मग मेन चालू केला. त्याच्या पेटीत एक साधा होल्डर होता, त्यात साठचा बल्ब आणि होल्डरमधून निघालेल्या दोन लांब वायरी. वायरमनचं हे सर्वांत जुनं हत्यार. एक टोक त्याने नव्या पॉइंटच्या करंटच्या बाजूला लावलं, दुसरं न्यूट्रलला. बल्ब झगझगीत पेटला. मग दुसरं टोक काढून तिसऱ्या, जाड भोकात घातलं. अर्थिंगच्या. काही बिघडलं तर उतू गेलेला करंट माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावा म्हणून जी वायर असते, ती तिथे येते. बल्ब तितकाच पेटायला हवा होता.

बल्ब पेटला नाही. त्याने टोक खरवडून पुन्हा लावलं. तारही लाल झाली नाही.

तो त्या काळ्या बल्बकडे बघत उकिडवा बसला आणि त्याला मे महिना आठवला. घराची अर्थिंगची वायर त्याने एकोणऐंशी साली नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती, तेव्हा सगळेच तसं बांधत. तो पाइप खाऱ्या जमिनीत सडला. गेल्या मे महिन्यात एका रविवारी दामाजीने स्वतःच तो कापून काढला आणि प्लॅस्टिकचा नवा पाइप घातला. भिंतीतून बाहेर आलेला वीतभर लोखंडी तुकडा तेवढा ठेवला आणि त्यावर वायर तशीच राहिली, जमिनीपर्यंत न पोचणारी. कापली असती तर दिसली असती. पाइप बदलणारा प्लंबर दुसरा कुणी असता तर दामाजीने त्याला शिव्या घालून ते तपासलं असतं. प्लंबरही तोच आणि वायरमनही तोच, म्हणून तपासणारा कुणी उरला नव्हता.

मेपासून सहा महिने हे घर तसंच चाललं होतं. मंजुळा मेली असती, हे वाक्य त्याने मनात पूर्ण म्हटलं.

आता गंमत अशी की तो काळा बल्ब वाचता येणारा घरात तो एकटाच होता. बाहेर निकाल लागलेला. ओव्हन ठाण्याला गेला असता, दामाजीने गुपचूप अर्थिंग करून घेतली असती, आणि कोपरच्या पाड्यात त्याचं नाव होतं तसं राहिलं असतं. किंमत एवढीच की धाकटा मंगळवारी विमानात बसला असता. दामाजी पाच मिनिटं तिथे बसला. ती पाच मिनिटं त्याने पुढे कधी कुणाला सांगितली नाहीत.

मग तो पडवीत आला.

"चूक माझी हाय," तो म्हणाला.

आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पाइप, वायर, वीतभर तुकडा. कुणालाच धड समजलं नाही असं वाटून त्याने दुसऱ्यांदा सांगितलं. "ओव्हन ओला झालाय हे खरं, थोडा लीक देतोय. पण माझी अर्थिंग धड असती तर मंजुळाला कळलंसुद्धा नसतं. ओव्हनची चूक चार आणे, बारा आणे माझी."

मंजुळाने त्याच्याकडे बघितलं. लग्नापासून आजवर तिने त्याच्या तोंडून 'चूक' हा शब्द दुसऱ्यांच्या नावापुढेच ऐकला होता.

"मग आता?" आनंदने विचारलं.

"उद्या रजा टाकतो. मागच्या दारी खड्डा घेऊ. नवी अर्थिंग, जमिनीत. नळाबिळाला नाय." तो थांबला. "आणि शिवरामला बोलवतो. मी माझंच काम तपासणार नाय परत."

हे ऐकून आनंदने मान वर केली. शिवराम हा दामाजीच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागलेला. पक्कड कशी धरायची इथपासून दामाजीने त्याला शिकवलं. मग शिवरामने लायसन्सची परीक्षा दिली आणि पास झाला, दामाजीने दिली आणि नापास झाला, आणि शिवराम सुपरवायझर झाल्यापासून दोन वर्षं दामाजी त्याच्याशी कामापुरतं बोलत होता. राहायला शिवराम जवळच, बुद्धविहाराच्या मागच्या चाळीत. चालत सात मिनिटं. दोन वर्षांत ती सात मिनिटं दामाजीला जमली नव्हती.

त्या संध्याकाळी तो चप्पल घालून गेला आणि अर्ध्या तासाने आला. तिथे काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण शिवरामच्या बायकोने, मीराबाईने, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही एवढं कळलं.

शुक्रवारी सकाळी दोघे भाऊ मागच्या दारी खणायला लागले. आनंदच्या हाताला स्टिअरिंगची सवय, कुदळीची नाही. तासाभरात फोड आले.

"ठेव. मी खणतो," दामाजी म्हणाला.

"राहू दे, दादा. सवय करायला पाहिजे."

चार हातांवर पाणी लागलं. खारं, काळं, खाडीचं. दामाजी खड्ड्यात उभा राहून पहिल्यांदा हसला. "ह्या जमिनीने माझा पाइप खाल्ला. पण करंट प्यायला अशी जमीन अख्ख्या डोंबिवलीत नाय मिळायची."

तांब्याची पट्टी त्याने आणली होती, इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला होता. पट्टीभोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, असं भरायचं होतं, म्हणजे ओल टिकते.

"मीठ किती लागल?" मागून मनुबाईने विचारलं. ती दाराला धरून उभी होती. "मासली खारवाचा मीठ हाय माझे पिंपान. जाडा. मिठागरावरचा."

"ते तुझं वर्षाचं आहे, आये."

"मग वर्साचा घे. परत भरू."

चित्रा आणि मंजुळा दोघींनी मिळून ते पिंप ओढत आणलं. एकीने घमेल्याने कोळसा दिला, दुसरीने मीठ. मध्येच मंजुळा चित्राला म्हणाली, "मना सांगाचं व्हतंस. आनंदभावजी राहणार हायेत ते. मी काय भट्टी भायेर टाकू दिली असती?"

"तुम्हाला शॉक बसलेला, वहिनी. कोणत्या तोंडाने सांगू?"

"ह्याच तोंडाने. चांगला हाय."

दुपारी शिवराम आला. अंगापिंडाने बारीक, खिशाला दोन पेनं, हातात तपासणीच्या मीटरची चामडी पेटी. मनुबाईला नमस्कार करून तो दामाजीकडे वळला. "उस्ताद, दाखवा."

उस्ताद हा शब्द दामाजीने दोन वर्षांत ऐकला नव्हता. तो खाकरला आणि मुद्दाम कोरड्या आवाजात म्हणाला, "तूच बघ. मी बोलत नाय."

शिवरामने तोच बल्ब लावला. एक टोक करंटला, दुसरं अर्थिंगला. बल्ब भक्कन पेटला. मग त्याने मीटर फिरवून ओव्हन तपासला, आत वाकून पाहिलं. "कॉइलमध्ये दमट आहे. रिकामा चालवा, मंद, दोन तास. सुकून जाईल. आणि तोपर्यंत जो काही लीक होईल तो जमीन पिऊन टाकेल. अर्थिंग एक नंबर झालीय, उस्ताद."

दोन तास घर रिकाम्या ओव्हनभोवती बसून राहिलं. शिवरामने पुन्हा मीटर लावला, काटा बघितला आणि मान डोलावली. मग जरा वेळ कुणीच उठलं नाही. मीटरचा काटा काटा असतो, आणि हात हात.

"सरा," मंजुळा म्हणाली.

"मी लावतो आधी," दामाजी म्हणाला.

"चावला मना. मीच लावीन."

ती अनवाणी पुढे आली. शिवरामने आधी बल्बाचं एक टोक ओव्हनच्या बॉडीला आणि दुसरं जमिनीला टेकवून दाखवलं, बल्ब काळाच राहिला. मग मंजुळाने एक बोट लावलं, मग चार, मग अख्खा तळवा. दामाजी तिच्या हाताकडे बघत होता.

"गरम हाय," मंजुळा म्हणाली. "नुसता गरम हाय."

चित्राने त्याच संध्याकाळी चार खेपा भाजल्या. पहिली डावीकडून करपली, ती घरच्यांनी खाल्ली. बाकीच्या तिने बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात कागद घालून रचल्या. शनिवारी सकाळी आनंद डबा घेऊन खोपटला गेला.

तो गेल्यावर चित्राने तीनदा ओटा पुसला. ओटा स्वच्छच होता. मनुबाई आज जवळा निवडायला पडवीत न बसता आत, ओव्हनसमोर पाट टाकून बसली होती, आणि आपण कशासाठी बसलोय हे कुणी विचारू नये म्हणून गुडघ्यांबद्दल बोलत होती.

अकराच्या पुढे आनंद आला. डबा रिकामा होता. त्याने तो ओट्यावर ठेवला, पिंपातून पेलाभर पाणी घेतलं आणि उभ्याने प्यायला. चित्राला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"आवडली का त्यांना?" तिने विचारलं.

"ड्रायव्हर-कंडक्टरांनी चहाबरोबर तिथंच संपवली."

"मग? काय बोलले?"

"कँटीनवाले विचारत होते, रोज जमेल का."

चित्राने ओट्याची कड धरली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, रोज जमेल." आनंदने पेला खाली ठेवला. "पोचवायला रोज मीच येईन, असं पण म्हणालो."

चित्रा खाली बसली ती बसलीच. तोंडावर दोन्ही हात घेऊन ती रडायला लागली, मोठ्याने, सहा वर्षांचं. मनुबाईचेही डोळे भरले होते, पण तिने ते आधी पदराने कोरडे केले, मग सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून म्हणाली, "पुरे गं बाय. उठ. उद्याची नानकटाई कोन करील?"